सूर्याची दोन शून्यं

पृथ्वीपासून सूर्यापर्यंतच्या अंतरातली दोन शून्यं मी खाल्ली आणि त्याची शिक्षा दुसऱ्या माणसानं भोगली. हे आधीच सांगून टाकतो. पुढं त्या माणसाविषयी लिहिताना मला कौतुकाचा मोह होणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल, हा त्याचा लाडका चेला असणार. मी चेला नव्हतो. मी त्याच्या खुर्चीवर बसलेला माणूस आहे.

नाव देत नाही. त्यांना ते आवडलं नसतं असं नव्हे. उलट, "पूर्ण नाव लिही, अर्धवट मापं चालत नाहीत," असंच त्यांनी सुनावलं असतं. पण ते नाव घेण्याचा माझा हक्क गेलेला आहे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, तेच इथं पुरे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिंपरीतल्या आमच्या कंपनीत डिझेल पंपांचे प्लंजर बनत. प्लंजर म्हणजे बोटाएवढा पोलादी दांडा. तो आपल्या नळीत असा बसावा लागतो की तेल गळू नये आणि दांडा अडकूही नये. ही मापं शेवटची तपासायची खोली वर्कशॉपच्या मधोमध होती. दुहेरी दार, एकही खिडकी नाही, आणि बारा महिने वीस अंश तापमान. अख्ख्या कंपनीत एअरकंडिशनर असलेली ती एकच जागा. साहेबांच्या केबिनलासुद्धा पंखाच होता, आणि हे साहेबांना खुपायचं.

त्या खोलीचे धनी काका. अंगात हातानं विणलेला मरून स्वेटर, हातात पांढरे सुती मोजे. सुटी झाली की मोजे घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवत, पण स्वेटर तसाच. एप्रिल-मेच्या उन्हात तो स्वेटर घालून सायकलवर पिंपळे गुरवला घरी जायचे. कुणी म्हणालं, "काका, काढा की ते," तर उत्तर ठरलेलं.

"मी वीस अंशाला सेट झालोय. बाहेरचं जग चुकीचं आहे."

उन्हाळ्यात थंड हवा खायला माणसं काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत यायची. काका कुणाला हाकलत नसत, पण फी घेत. फी म्हणजे एक गणित. बबन नावाचा पुनावळ्याचा गडी भट्टीवर कामाला होता. मी नवीन लागलो त्या आठवड्यात तो घामानं निथळत आत आला.

"काका, जरा टेकू का? भट्टीपाशी जीव नको झाला."

"टेक. पण आधी फी. पुनावळ्याहून देहूरोड किती?"

"आसंल की दोन कोस."

"कोस नको. मीटर."

"सहा हजार धरा."

"धरा म्हणजे? आहे की नाही?"

"आमी काय टेप लावून चालतो व्हय, काका?"

"बरं, सहा हजार. आता अँगस्ट्रॉम सांग."

अँगस्ट्रॉम हे अणूंच्या जगातलं माप. एका मिलिमीटरमध्ये एक कोटी मावतात, मीटरमध्ये हजार कोटी. शाळेचं तोंड सातवीपर्यंतच पाहिलेल्या बबननं बोटं मोजायला सुरुवात केली. "सहा... त्यावर तीन शून्यं हजाराची... त्यावर तुमची धा. तेरा शून्यं."

"बस. पाच मिनिटं."

बबन स्टुलावर बसला आणि पाय लांब करून म्हणाला, "तेरा शून्यं चालतो व्हय मी रोज? तरीच पाय दुखत्यात."

काका हसले नाहीत. त्यांनी घड्याळ लावलं.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते एकदा त्यांनीच सांगितलं. देहूरोडच्या लष्करी कारखान्यात ते फिटर होते, तेव्हा इंच जाऊन मिलिमीटर येत होता. जुने ड्रॉइंग इंचात, नवे मिलिमीटरमध्ये. भले भले फिटर रडकुंडीला आले होते. "मला मजा वाटली," काका म्हणाले. "वस्तू तीच, जागा तीच. नुसतं नाव बदललं की माणसं घाबरतात. मग मी म्हटलं, घाबरायचंच तर नीट घाबरू. दोन्ही टोकं बघून येऊ." म्हणून त्यांनी एका टोकाला अणू धरला, दुसऱ्या टोकाला तारे, आणि आयुष्यभर या टोकाचं त्या टोकाला नेत राहिले. प्रकाशवर्षाचे अँगस्ट्रॉम करायचे, सूर्याचं अंतर केसाच्या जाडीत मांडायचं. जुन्या गणितातली नावं त्यांना तोंडपाठ होती. खर्व, निखर्व, महापद्म, शंकू. "मीटरचे अँगस्ट्रॉम एक खर्व" हे ते "मंडईत कांदे आलेत" अशा सुरात सांगत.

टाइम ऑफिसमधल्या एका कारकुनानं एकदा त्यांच्यापुढं रड लावली होती. प्रमोशन अडलं, कारण शनी फार जवळ आलाय.

"जवळ म्हणजे किती?" काकांनी विचारलं.

"आता ते मला काय ठाऊक, काका?"

"मला ठाऊक आहे. जवळात जवळ आला तरी सव्वा महापद्म मीटर. त्याला तुझं टेबल दिसत नाही. तुझा साहेब दहा मीटरवर बसतो, त्याला जाऊन विचार."

कारकून विचारायला गेला नाही. पण त्यानं काकांशी बोलणं सोडलं.

त्यांचा एक नियम होता आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. ताऱ्यांच्या मापावरून अणूच्या मापावर थेट उडी मारायची नाही. आधी मीटरवर यायचं, मग पुढं. "थेट गाडी नाही," ते म्हणायचे. "मीटरला उतरायचं, तिकीट दाखवायचं, मग दुसरी गाडी. मीटर म्हणजे माणसाच्या हातातलं माप. त्याला शिवल्याशिवाय पुढं गेलास की चुकलासच." मला हे सगळं पोरखेळ वाटायचं. मी डिप्लोमा घेऊन आलेलो, पॉलिटेक्निकात पहिल्या पाचात. काका मॅट्रिक. ते मला नावानं हाक मारत नसत, "ए डिप्लोमा" म्हणत. ते हाक प्रेमानं मारत होते हे मला आता कळतं. तेव्हा झोंबायचं.

आणि "एवढंसं" हा शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारायचा नाही. "एवढंसं म्हणजे किती?" हा प्रश्न त्यांनी मुकादमाला विचारला, कँटीनवाल्याला विचारला, आणि एक दिवस साहेबांनाही विचारला. तिथून सगळं बिघडत गेलं.

एक मोठा लॉट तयार होता. काकांनी तो अडवला. प्लंजर दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दोन हजारांश, जाड निघाले होते. साहेब स्वतः खोलीत आले.

"काका, एवढंसं तर आहे."

"एवढंसं म्हणजे किती?"

"दोन मायक्रॉन हो! पंप चालायला लागला, गरम झाला, की आपोआप बसतील."

"गरम झाल्यावर लोखंड फुगतं, साहेब. बसणार नाही. अडकेल."

"पार्टी दारात बसलीय माल न्यायला."

"तिला आत बोलवा. मीच दाखवतो."

साहेब दार आपटायला गेले, पण दुहेरी दार आपटत नाही. हळूहळू, फुसकन मिटतं. बाहेर मशीनवरची माणसं हसली. साहेबांनी ते हसू ऐकलं. काकांनी सही केली नाही. लॉट तिथंच राहिला.

त्याच महिन्यात कंपनीचा वर्धापनदिन होता. पाहुणे येणार म्हणून कँटीनची लांब भिंत रंगवायचं ठरलं. विषय मोजमापाचा, म्हणून मजकूर काकांकडून मागवला. त्यांनी आठवडाभर खपून कागद तयार केला. डाव्या टोकाला अणू, मध्ये माणसाचा पसरलेला हात, उजव्या टोकाला सूर्य. सूर्याखाली एकच ओळ, पृथ्वीपासूनचं अंतर अँगस्ट्रॉममध्ये. पंधरा, आणि त्यावर वीस शून्यं. माझं अक्षर चांगलं, म्हणून ब्रश माझ्या हातात आला.

टेबलावर उभा राहून मी शून्यं काढायला लागलो आणि मला शंका आली. कॉलेजात आम्हाला अँगस्ट्रॉम सेंटिमीटरमध्ये शिकवला होता. सेंटिमीटरचे दहा कोटी. मी मनात हिशेब केला. सूर्याचं अंतर डोक्यात होतं ते मीटरमध्ये, आणि अँगस्ट्रॉम लावला सेंटिमीटरचा. उत्तर शंभरपट कमी आलं. पंधरावर अठराच शून्यं.

मी परत करून पाहिलं नाही. काकांना विचारलंही नाही. ते पन्नास पावलांवर होते. मला वाटलं, म्हाताऱ्यानं उत्साहाच्या भरात दोन शून्यं जास्त टाकली. आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मी अठरा शून्यं काढली आणि कुणाला सांगितलं नाही. पुढं कधीतरी चारचौघांत हळूच म्हणायचं, काका, तुमची चूक मी तेव्हाच सुधारली होती, असा माझा बेत होता.

पाहुण्यांत पुण्याच्या एका कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. कपबशी हातात घेऊन ते भिंतीपुढं उभे राहिले, ओठांत काही पुटपुटले आणि सौम्यपणे म्हणाले, "सुंदर कल्पना आहे. फक्त सूर्याची दोन शून्यं राहिली बहुतेक."

साहेबांचा चेहरा उजळला. मी तो पाहिला.

"काय हो काका," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सूर्य शंभरपट जवळ आणलात? बरं झालं, भट्टीचं तेल वाचेल आपलं!"

सगळे हसले. पाहुणे हसले, कामगारही हसले. मग साहेब पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "आणि हा माणूस दोन मायक्रॉनसाठी माझा लॉट अडवून बसलाय."

काका भिंतीकडे बघत होते. त्यांनी शून्यं मोजली. दोनदा मोजली.

"आकडा चूक आहे," ते म्हणाले. "पण माझा नाही."

"भिंतीवर तुमचा कागद उतरवलाय. मग कुणाचा?"

काका माझ्याकडे वळले. शंभरपटीची चूक म्हणजे सेंटिमीटरची चूक, हे त्यांना एका क्षणात कळलं असणार, आणि सेंटिमीटरवाला तिथं दुसरा कोण होता? पण ते रागानं बघत नव्हते. डायलची सुई स्थिर व्हायची वाट बघावी, तसे बघत होते.

"ज्याचा आहे तो सांगेल," ते म्हणाले.

त्यांच्या हातचा कागद माझ्या खिशात होता. मी हातातल्या लाडवाकडे बघत राहिलो. माझं कन्फर्मेशन पुढच्या महिन्यात होतं, गावी माझ्या पगारावर चार माणसं होती. हे मी इथं लिहितोय, पण सबब म्हणून धरू नका. नोकरी पक्की असती तरी मी बोललो असतो याची मला खात्री नाही.

"लेखी माफी द्या आणि विषय संपवा," साहेब म्हणाले.

"माफी चुकणाऱ्यानं मागायची असते. मी मागितली तर दोन चुका होतील."

त्या दुपारी मी तो कागद चुरगळून भट्टीत टाकला. बबननं पाहिलं. त्यानं विचारलं, "काय व्हतं, भाऊ?" मी म्हणालो, "काही नाही, रद्दी."

चार दिवसांत पत्र निघालं. अचूकतेच्या कामास अयोग्य, सबब स्टोअरमध्ये बदली. काकांनी पत्र वाचलं, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक तांबड्या पेन्सिलीनं सुधारली आणि पोच म्हणून सही करून परत दिलं. मोजे ड्रॉवरमध्ये ठेवले, स्वेटर घालून निघून गेले. खोली माझ्याकडे आली, आणि कन्फर्मेशनही. त्या खुर्चीवर बसून मी केलेली पहिली सही त्याच अडवलेल्या लॉटवर होती. प्लंजर मी मोजले होते. दोन मायक्रॉन जाडच होते.

काका वाकतील अशी साहेबांची अपेक्षा असावी. स्टोअर म्हणजे पत्र्याची शेड, उन्हाळ्यात भट्टीपेक्षा वाईट. काका तिथंही स्वेटर घालून बसले. प्रत्येक खणावर मालाचं कार्ड असे. काकांनी कार्डावर मापाची आणखी एक ओळ सुरू केली. बोल्ट, लांबी साठ मिलिमीटर, आणि खाली सुबक अक्षरात, साठ कोटी अँगस्ट्रॉम. साहेबांनी मेमो पाठवला, हे काय चाललंय, खुलासा करा. काकांचा खुलासा एका ओळीचा होता. "आकडा चूक असल्यास दाखवावा." साहेबांनी बहुतेक कुणाला तरी तपासायला लावलं असावं, कारण दुसरा मेमो आला नाही. शेवटी शेवटी नवीन लागलेली पोरं स्टोअरमधून बोल्ट आणायला जाताना म्हणायची, "साठ कोटीवाला पायजे काका, शंभर नग."

पाचेक महिन्यांनी तो लॉट परत आला. पंप गरम झाले की प्लंजर अडकत होते. साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, वाहतुकीत गंज धरला. परत आलेल्या पेट्या उतरवून घ्यायच्या होत्या स्टोअरला, म्हणजे काकांनाच. त्यांनी प्रत्येक पेटीवर कार्ड लावलं. परतीचं कारण या रकान्यात लिहिलं, "दोन मायक्रॉन. म्हणजे वीस हजार अँगस्ट्रॉम." त्या कार्डांवर तपासनीस म्हणून माझी सही लागत होती. मी पेट्यांपाशी उभा राहून सह्या केल्या. काका शेजारी उभे होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "पेन चालतंय ना नीट?"

त्यांनी मला टोमणा मारला असता, शिवी दिली असती, तर मी सुटलो असतो. त्यांनी मला सोडवलं नाही.

यात चार वर्षं गेली. त्यांच्या निवृत्तीला पंधरा दिवस राहिले, तेव्हा एका रविवारी मी पिंपळे गुरवला त्यांच्या घरी गेलो. शेताच्या कडेला दोन खोल्या. काकू अंगणात गहू निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुम्ही ते डिप्लोमा का? या. फार उशीर केलात." म्हणजे घरात सगळं ठाऊक होतं.

काका बाजेवर बसले होते. मी चपला काढल्या आणि तिथंच सुरू केलं. "काका, त्या भिंतीवरचा आकडा..."

"थांब," ते म्हणाले. "मला कशाला सांगतोस? मला त्या दिवसापासूनच ठाऊक आहे."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर ती चुगली झाली असती. तू बोलला असतास तर ती दुरुस्ती झाली असती. मला दुरुस्ती हवी होती."

"मी माफी मागायला आलोय."

"इथं? बाजेपाशी?" त्यांचा आवाज चढला. चार वर्षांत पहिल्यांदाच मी तो चढलेला ऐकला. "चूक हातभर अक्षरात भिंतीवर होती. सगळी शिफ्ट हसली मला. आणि माफी तू माझ्या कानात सांगणार? हे माप जुळतं का? सांग, जुळतं का?"

"साहेब अजून तिथंच आहेत, काका."

"मग? तुला वाटलं, मी निवृत्त होतोय म्हणून स्वस्तात मिटेल? नाही मिटणार. चहा घे, आणि जा."

काकूंनी चहा दिला. मी तो प्यायलो. आणि निघालो.

पंधरांपैकी दहा दिवस मी घालवले. रोज ठरवायचं, रोज कँटीनच्या दारातून ताट घेऊन परत फिरायचं. अकराव्या दिवशी जेवणाच्या सुटीत कँटीन भरलेलं होतं. साहेब कोपऱ्यातल्या टेबलाशी, बबन रांगेत, काका नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ करून. सूर्याच्या त्या ओळीवर केव्हाच चुना मारला होता. मी ताट ठेवलं आणि बाकावर चढलो.

"ऐका," मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही. परत ओरडलो. तेव्हा भांड्यांचा आवाज थांबला.

"ह्या भिंतीवर सूर्याचा आकडा चुकला होता. तो काकांनी बरोबर दिला होता. त्यांच्या कागदावर वीस शून्यं होती. मी अठरा काढली. मला वाटलं मला जास्त कळतं. आणि त्यांना बोलणी बसली तेव्हा मी गप्प बसलो. कागद मीच जाळला."

कुणी हसलं नाही. साहेब उठले. "खाली उतर आधी," ते म्हणाले. मी खाली उतरणार होतो. बोलायचं होतं ते बोलून झालं असं मला वाटलं होतं.

"उतरू नको," काका बसल्या जागेवरून म्हणाले. त्यांनी हातातला घासही खाली ठेवला नव्हता. "हे अर्धं झालं. उरलेलं सांग."

"काका..."

"त्या लॉटवर सही कुणाची आहे? मोठ्यानं सांग."

साहेब माझ्याकडे बघत होते. बबन रांगेतून बाहेर येऊन उभा राहिला होता. मी काकांकडे बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं.

"सही माझी आहे. प्लंजर जाड होते, मला ठाऊक होतं, मी मोजले होते. काकांनी लॉट अडवला तो बरोबर अडवला होता. खुर्ची मिळाली म्हणून मी तो सोडला. काका, माझं चुकलं. मला माफ करा."